होशंगाबादचा विज्ञानशिक्षण कार्यक्रम आणि परीक्षेचा प्रश्न

उच्चस्तरीय विचारकौशल्यांची चर्चा बहुधा ब्लूमच्या १९५६ च्या वर्गीकरणापाशी थांबते; परीक्षेपर्यंत ती क्वचितच पोहोचते. म्हणूनच मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील कार्यक्रम अभ्यसनीय ठरतो. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया यांनी १९७२ मध्ये १६ शाळांत तो सुरू केला. माध्यमिक विज्ञानाचा पाया घालणाऱ्या सहावी ते आठवीच्या वर्गांत विद्यार्थी ‘बाल वैज्ञानिक’च्या आधारे गटागटाने प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतःच काढीत, पुस्तकात तयार उत्तरे नसत. खरा बदल मात्र परीक्षेत होता. लेखी परीक्षेत पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा असे, जोडीला प्रात्यक्षिक असे. साहजिकच पाठांतराचा उपयोग उरला नाही. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. पुस्तकापेक्षा ही परीक्षा गेली, हीच प्रस्तुत लेखकाच्या मते मोठी हानी होय.