बशीतले पैसे कुणाचे?

जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलातल्या कामगारांचा पगाराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७६ साली त्याचा निकाल लागला. एकेकाळचा हा राजवाडा, तिथे उतरणारे परदेशी पाहुणे, आणि त्यांच्याकडून मिळणारी टिप. व्यवस्थापनाचं म्हणणं असं की कामगारांच्या पदरात काय पडतं याचा हिशेब करताना ही टिपही धरावी. न्यायालयानं ते मानलं नाही. पाहुण्यानं दिलेले पैसे म्हणजे मालकानं दिलेला पगार नव्हे, असा निर्वाळा मिळाला.

चाळीस वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, त्याच न्यायालयात पुन्हा टिपच आली, पण या वेळी आयकर खात्याच्या बाजूने. पाहुणा कार्डावर पैसे देतो, त्यातच टिप असते, हॉटेल ती नंतर कर्मचाऱ्यांत वाटतं. मग हा पगारच झाला आणि हॉटेलनं त्यावर कर कापायला हवा होता, असं खात्याचं म्हणणं. दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं होतं. त्याविरुद्ध अपिलात आली होती आयटीसीची हॉटेलं. त्यांची बाजू अशी की हे पैसे आमचे नाहीतच, आम्ही ते पाहुण्याच्या वतीनं नुसते सांभाळतो. सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं. टिप हा पगार नाही, म्हणून कापणीची जबाबदारी हॉटेलवर नाही. ज्याला ती मिळाली त्यानं आपल्या इतर उत्पन्नात ती दाखवावी.

आणि २०२२ मध्ये बिलावरच्या दहा टक्के सेवाशुल्काचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा हॉटेलमालकांच्या दोन संघटना म्हणाल्या की हे शुल्क लावणं हा आमचा हक्क आहे.

मी हिशेबनीस आहे. लहानमोठ्या हॉटेलांच्या वह्या लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. हे तीन खटले वेगवेगळ्या लोकांचे, वेगवेगळ्या कायद्यांखालचे, हे मला कळतं. तरी ते एका ओळीत मांडले की धंद्याची चाल दिसते. पगार द्यायची वेळ आली की टिप कामगाराच्या मिळकतीत धरा, कर कापायची वेळ आली की टिप आमची नाही, आणि गिऱ्हाइकानं हात आखडला की शुल्क आमचं. तिन्ही वेळा ताट उचलून आणणाऱ्या माणसाला पुरेसा पगार का नाही, हा प्रश्न बाजूला राहिला.

माझे आबा वेटर होते. संगमेश्वरकडून मुंबईत आले, गिरगावातल्या एका हॉटेलात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. सुरुवातीची काही वर्षं हॉटेल हेच घर. रात्री शटर पडलं की टेबलं जोडून त्यावर वळकटी टाकायची, पहाटे दूधवाला यायच्या आत उठायचं. १९४८ च्या दुकानं व आस्थापना कायद्यानं मुंबईतल्या हॉटेल कामगारांना कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी लिहून दिली होती. सुट्टीच्या दिवशी आबा त्याच हॉटेलात कांदे चिरत बसत, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

बिल यायचं ते स्टीलच्या बशीत, बडीशेपेखाली दाबून. गिऱ्हाईक गल्ल्यावर पैसे देऊन परत येई आणि जाताजाता त्या बशीत चार आणे, आठ आणे ठेवी. आबा बशी उचलताना अंगठ्यानं नाणं कडेला सरकवत, बडीशेप फडक्यात झटकत आणि नाणं खिशात न टाकता गल्ल्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. तो शेटचा नियम होता. महिन्याच्या शेवटी डबा उघडायचा आणि वाटणी व्हायची. टेबलावर वाढणाऱ्याला पूर्ण वाटा, टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला अर्धा, आचाऱ्याला शेट ठरवेल तो. मोरीवर कपबश्या विसळणाऱ्याला काहीच नाही. डबा मोजायचा शेटच. फुटलेल्या कपांचे पैसे त्यातूनच वळते होत. आबांनी एकदा विचारलं, कप धंद्याचे, मग पैसे आमच्या डब्यातले का? उत्तर मिळालं नाही, पण पुढचे काही दिवस त्यांना दाराजवळची टेबलं मिळाली. तिथे एक चहा पिऊन उठणारे लोक बसत, टिप देणारे आत पंख्याखाली बसत. हॉटेलात शिक्षा अशी दिली जाते.

आपल्याकडे कामाच्या मोबदल्यावर वर काही देण्याची रीत जुनी आहे. दिवाळीची पोस्त पोस्टमनला, मोलकरणीला, रखवालदाराला आजही मिळते. पण पोस्त वर्षातून एकदा, आणि ज्याला देतो त्याची ओळख असते. शिवाय पोस्त मिळेल म्हणून मोलकरणीचा महिन्याचा पगार कुणी कापत नाही. गिरणगावातल्या खाणावळींत तर वर काही देण्याचा प्रश्नच नव्हता. कामगार महिन्याचे पैसे एकरकमी देई, बाई दोन वेळचं जेवण घाली. तिथे पिळवणूक होती ती उधारीची आणि सावकाराची. त्याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जेवणाचा दर आणि राबण्याचा मोबदला एकाच आकड्यात बसू शकतो, हे त्या खाणावळींनी रोज दाखवलं होतं.

टिप हा पगाराचा पर्याय कसा होतो, ते पाहायचं तर अमेरिकेकडे पाहावं लागतं. तिथला इतिहास मी जितका वाचला तितका अस्वस्थ करणारा निघाला. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली, आणि १८६७ साली जॉर्ज पुलमननं शयनयान डब्यांची कंपनी काढली. डब्यातल्या प्रवाशांची बिछान्यापासून बुटांपर्यंत सेवा करायला त्यानं नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्यांतल्या प्रत्येकाला मालकाच्या नावानं ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारत. स्वतःचं नावही कामावर राहत नसे. १९१५ साली सरकारी औद्योगिक आयोगानं या पगारांची चौकशी केली, तेव्हा कंपनीच्या वतीनं साक्ष द्यायला आले ते रॉबर्ट टॉड लिंकन. गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचे चिरंजीव त्या कंपनीचे अध्यक्ष राहिले होते.

त्याच सुमारास अमेरिकेत टिपविरुद्ध मोठी चीड होती. ही सरंजामी रीत लोकशाहीत शोभत नाही, असं लोक उघड बोलत. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं टिपवर बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत मिसिसिपी, अर्कान्सॉ, आयोवा, साउथ कॅरोलिना, टेनेसी यांनीही. हे सगळे कायदे १९२६ पर्यंत गेले. ते टिकणार नव्हतेच. टिप बंद केली, पण पगार वाढवा असं कुणी सांगितलं नाही.

ते सांगितलं कामगारांनी. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी पुलमन कामगारांची संघटना बांधली. टिपवर जगायला लागू नये इतका पगार द्या, ही त्यांची मागणी. करार व्हायला १९३७ उजाडलं. बारा वर्षं! पण हॉटेलातल्या वेटरांच्या वाट्याला असा रँडॉल्फ आला नाही. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून त्यांतले बहुतेक बाहेरच राहिले, आणि १९६६ साली त्यांना आत घेतलं ते अट घालून: मालकानं किमान वेतनाचा एक भाग टिपमधून वळता करून घ्यावा. १९९१ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचा किमान पगार ताशी २.१३ डॉलर आहे. इतरांचा ७.२५. काही राज्यांनी आपापले दर वाढवले, केंद्रातला आकडा हलला नाही. तिकडे गेलेली आपली मुलं फोनवर कुरकुरतात की जेवणाच्या बिलावर वीस टक्के द्यावे लागतात. त्यांना मी हा आकडा सांगते. रामबागच्या व्यवस्थापनाला आपल्या न्यायालयानं जे नाकारलं, ते अमेरिकेनं कायद्यात लिहून दिलं. म्हणून १९७६ चा तो निकाल मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेनं बिघडली. बशीतली टिप चालूच होती, पण मोठ्या हॉटेलांत बिलावरच सेवाशुल्क छापायची पद्धतही होती. ती ऐंशीहून जास्त वर्षांची आहे, असा हॉटेलमालकांच्या संघटनांचा दावा आहे. सामान्य माणसाचा तिच्याशी संबंध नव्हता. मग मे २०११ पासून वातानुकूलित आणि मद्यपरवाना असलेल्या हॉटेलांवर केंद्राचा सेवाकर आला, आणि एप्रिल २०१३ पासून परवाना नसलेल्या वातानुकूलित हॉटेलांवरही. बिलावर आता सेवाशुल्क, सेवाकर, व्हॅट अशा तीन ओळी एकाखाली एक दिसू लागल्या. गिऱ्हाइकाला तिन्ही सरकारच्याच वाटत. या काळातली बिलं मी ढिगानं पाहिली आहेत. एकाच ठशात, एकाच आकाराच्या अक्षरांत, करांच्या मध्ये सेवाशुल्क बसवलेलं असे. मुकाट्यानं पैसे देणारा माणूस दुधखुळा नव्हता. बिलाची मांडणीच तशी होती.

एप्रिल २०१७ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं सांगितलं की हे शुल्क ऐच्छिक आहे. फरक पडला नाही. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात हे शुल्क आपोआप घालू नये, दुसऱ्या नावानं घेऊ नये, दिलं नाही म्हणून आत घ्यायला नकार देऊ नये, बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावू नये. दोन हजारांच्या जेवणाचं उदाहरण घ्या. पाच टक्के जीएसटी धरून बिल २,१०० व्हायला हवं. दहा टक्के सेवाशुल्क आधी मिळवलं तर २,२०० वर कर लागतो आणि बिल २,३१० होतं. वेटरच्या नावानं घेतलेल्या दोनशे रुपयांवर दहा रुपये सरकारलाही गेले.

संघटना न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये न्यायालयानं सुचवलं की निदान नाव तरी बदला, लोकांना तो कर वाटतो. सप्टेंबरमध्ये ‘स्टाफ कॉन्ट्रिब्यूशन’ असं नाव, दहा टक्क्यांची मर्यादा, आणि हे सरकारला जात नाही अशी ठळक सूचना मेनूवर, असा अंतरिम आदेश झाला. अखेर २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या, सूचना कायम केल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा भुर्दंड ठोठावला. सक्तीचं शुल्क बेकायदा. खूश होऊन कुणी टिप दिली तर हरकत नाही. संघटना अपिलात गेल्या. ऑगस्टमध्ये खंडपीठानं त्यांना विचारलं की वीस रुपयांची पाण्याची बाटली तुम्ही शंभरला विकता, तर सेवेचे पैसे त्या दरात आलेले नाहीत का?

संघटनांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. बशीतली टिप मोरीपर्यंत पोचत नाही. सेवाशुल्क गोळा करून वाटलं तर भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो, आणि कामगार संघटनांशी झालेल्या करारांत तो लिहिलेला असतो. आबांच्या हॉटेलात मोरीवरच्या पोऱ्याला काय मिळत होतं ते मी वर लिहिलंच आहे. पण यावर उपाय सेवाशुल्क नाही, पगार आहे. मी ज्या वह्या पाहिल्या त्यांत जमा झालेल्या शुल्काची वाटणी कर्मचारीनिहाय लिहिलेली क्वचितच दिसली. बहुधा ते विक्रीत मिसळून जातं, आणि एकदा मिसळलं की त्यातला कामगाराचा रुपया कुठला हे मीसुद्धा सांगू शकत नाही. ब्रिटननं या दुखण्यावर कायदा केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे जमलेली टिप आणि सेवाशुल्क पुरतं कामगारांत वाटणं मालकावर बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये १९८७ पासून मेनूवरच्या दरात सेवा धरलेलीच असते. आपल्याकडे तेच व्हावं असं माझं मत आहे. इडलीचा दर पाच रुपयांनी वाढवा, दारावर लावा, आणि त्या पाच रुपयांतून मोरीपासून गल्ल्यापर्यंत सगळ्यांना पगार द्या. गिऱ्हाईक दर वाचून आत येईल किंवा येणार नाही. फसवलं गेल्यासारखं तरी त्याला वाटणार नाही.

ते होईपर्यंत वाचकांना एवढीच विनंती. बिलावर सेवाशुल्क दिसलं तर शांतपणे काढायला सांगा. ते काढलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हे वेटरशी भांडून सांगू नका, मॅनेजरला सांगा, कारण बिल वेटर बनवत नाही. आणि वाचलेल्या पैशांतले काही त्याच्या हातात द्या, रोख. दारावरचा क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो.