छिन्नमनस्कतेवरील औषधे : संज्ञांच्या अंगाने एक इतिहास

छिन्नमनस्कतेवरील औषधांचा इतिहास सामान्यतः रसायनांचा म्हणून सांगितला जातो. तो संज्ञांचाही इतिहास आहे. कारण औषधाकडून काय अपेक्षिले होते, हे त्याच्या नावात उमटते.

१९५० च्या डिसेंबरात फ्रान्समधील रोन-पूलांक कंपनीत पॉल शार्पांतिये यांनी क्लोरप्रोमाझिन सिद्ध केले. भुलेस साहाय्यक द्रव्य शोधणाऱ्या शस्त्रवैद्य आंरी लाबोरी यांना, ते घेतलेला रोगी शुद्धीवर असूनही सभोवतालाविषयी उदासीन होतो, असे आढळले. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झां दले व प्येर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांस दिले. तेव्हा क्षोभाबरोबरच भ्रम आणि भासही ओसरू लागले. १९५५ च्या सुमारास या उभयतांनी ‘न्यूरोलेप्टिक’ ही संज्ञा रूढ केली. ग्रीक धातूंवरून घडविलेल्या या शब्दाचा अर्थ ‘मज्जेला धरून ठेवणारे’ असा होतो. हालचालींतील मांद्य व ताठरपणा हा त्या काळी दोष न मानता गुणाचीच खूण समजला जाई. अमेरिकेत ‘मेजर ट्रँक्विलायझर’ हे नाव चालले. तेथे भर शांततेवर होता. म्हणजे दोन्ही नावे पाहणाऱ्याला दिसणाऱ्या परिणामाची होती, रोग्याला जाणवणाऱ्या पालटाची नव्हती.

या खुणेचा उलगडा होण्यास सर्पगंधा उपयोगी पडली. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचा उन्मादावरील उपयोग प्रसिद्ध केला होता. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. ते मेंदूतील डोपामीन रिते करते, हे स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दशकाच्या अखेरीस दाखविले. १९६३ मध्ये कार्लसन व लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगांतून क्लोरप्रोमाझिन डोपामिनच्या क्रियेस अडविते, या विचाराचा पाया घातला गेला. गुण आणि ताठरपणा हे एकाच अडवणुकीचे, पण मेंदूच्या भिन्न मार्गांवरील परिणाम ठरले.

मग ते विलग करता येतील काय? रक्तातील पांढऱ्या पेशी घटविण्याचा धोका असलेले क्लोझापिन ताठरपणा फारसा आणीत नाही. तरीही इतर औषधांस दाद न देणाऱ्या रोग्यांत ते अधिक गुणकारी असल्याचे १९८८ मध्ये सिद्ध झाले. जुन्या संज्ञेचा आधारच त्यामुळे सुटला.

आज ‘अँटिसायकॉटिक’, म्हणजे मनोविकृतिरोधक, ही संज्ञा रूढ आहे. तीही काटेकोर नव्हे. ही औषधे भ्रम व भास यांना आवरतात, नियमित घेतल्यास रोग उलटण्याचा संभव घटवितात. निरुत्साह व विचारशक्तीची मंदता यांवर मात्र त्यांचा प्रभाव अल्पच पडतो. यास्तव रोग्यास संज्ञा सांगून भागत नाही. तिच्या मर्यादाही सांगाव्या लागतात.