सुपरझूम ब्रिज कॅमेऱ्याची कुळकथा

भिंग न बदलता जवळचे आणि दूरचे दोन्ही टिपता यावे, या गरजेतून झूम भिंग जन्माला आले. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी फ्रँक बॅक यांनी रचलेले ‘झूमार’ १९५९ मध्ये बाजारात आले. त्याचे नाभीय अंतर, म्हणजे दूरची वस्तू चित्रात किती मोठी उमटेल हे ठरवणारे माप, ३६ पासून ८२ मिमीपर्यंत बदलता येई. या दोन टोकांच्या गुणोत्तरालाच झूमची पट म्हणतात, आणि झूमारची पट जेमतेम सव्वादोन होती. १९८८ च्या रिको मिराईने कायम जडवलेल्या ३५–१३५ मिमी भिंगासह ती चारच्या जवळ नेली. खिशातला साधा कॅमेरा आणि भिंगे बदलता येणारा एसएलआर यांना जोडणारा म्हणून या वर्गाला ‘ब्रिज’ म्हणू लागले.

खरी झेप डिजिटल युगात आली आणि तिचे मूळ भिंगापेक्षा सेन्सरच्या आकारात आहे. फिल्मच्या चौकटीहून कितीतरी लहान असलेला सेन्सर भिंगाने घडवलेल्या प्रतिमेचा मधला तुकडाच टिपत असल्यामुळे, निकॉन पी१००० (२०१८) चे ५३९ मिमीचे भिंग ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात ३००० मिमीइतके दूरचे टिपते आणि त्याची पट १२५ भरते. मात्र पल्ला वाढला की हाताचा सूक्ष्म कंपही चित्र पुसट करतो. म्हणून पॅनासॉनिकच्या २००२ मधील एफझेड१ ने ३५–४२० मिमी समतुल्य पल्ल्याबरोबर कंपनरोधक यंत्रणाही दिली, जिच्यात कंप मोजणाऱ्या संवेदकाच्या सूचनेवरून भिंगातील एक घटक उलट दिशेने सरकतो.

पल्ला देणारा हाच लहान सेन्सर कमी प्रकाशात उणा पडतो. त्याचे क्षेत्रफळ फिल्मच्या चौकटीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतके असते आणि पी१००० च्या दूरच्या टोकाला भिंगाचे छिद्र एफ/८ पेक्षा मोठे होत नाही. त्यामुळे भर उन्हात स्पष्ट येणारा पक्षी तिन्हीसांजेला रवाळ दिसतो. सेन्सर वाढवावा तर त्याच पल्ल्यासाठी भिंगही त्या प्रमाणात वाढते, आणि पी१००० चे वजन आधीच १.४ किलोच्या घरात आहे. म्हणूनच या कुळाच्या दोन शाखा झाल्या: एकीने लहान सेन्सर ठेवून पल्ला ताणला, तर सोनी आरएक्स१० मार्क ३ (२०१६) सारख्या दुसरीने मोठा, एक इंची सेन्सर घेऊन २५ पटींवर समाधान मानले.