सामान की वाहन? : रेल्वेतील सायकलवाहतुकीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

रेल्वेचा इतिहास लिहिताना भांडवल, लोहमार्ग, इंजिने आणि साम्राज्यविस्तार यांचा विचार प्रामुख्याने होतो. प्रवाशाने आपल्याबरोबर काय नेले, हा प्रश्न त्या मानाने गौण समजला जातो. सायकल ही वस्तू या संदर्भात विशेष बोलकी आहे. रस्त्यावर ती माणसाला वाहून नेते. गाडीत चढवताच तिचे ओझे होते. लांबच्या प्रवासात तिला जागा मिळणे दोन गोष्टींवर अवलंबून राहिले. एक, कायद्यातील ‘सामान’ या संज्ञेचा अर्थ आणि दुसरी, गाडीला जोडलेला गार्डचा डबा. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक निर्णायक ठरली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संज्ञेचा वाद :

इंग्लंडमध्ये १८७८ साली हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला व १८८३ मध्ये त्याचे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ असे नामांतर झाले. त्या वेळची सायकल म्हणजे पुढे छातीइतके उंच चाक आणि मागे एक चिमुकले चाक. ती डब्यात चढवणे हीच एक कसरत होती. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यानंतर सायकल मध्यमवर्गाच्या आवाक्यात व आवडीत आली. शहरातील धूर मागे टाकून खेड्यांतील रस्ते गाठायचे, तर मधले अंतर रेल्वेनेच तोडणे सोयीचे होते. सायकलस्वाराला रेल्वे हवी होती ती अशी.

१८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने इंग्लंडमध्ये सायकलला रस्त्यावरील ‘गाडी’चा दर्जा दिला. पुढे १८९९ मध्ये ‘ब्रिटन विरुद्ध ग्रेट नॉर्दर्न रेल्वे’ या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला, की तिकिटाबरोबर विनामूल्य नेता येणाऱ्या नेहमीच्या सामानात सायकल मोडत नाही. जड ट्रंक फुकट जाई, सायकलला मात्र वेगळे भाडे पडे. अमेरिकेत नेमके उलट घडले होते. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने १८९६ मध्येच कायदा करून सायकल हे प्रवासी सामान मानून विनामूल्य नेण्याचे बंधन रेल्वे कंपन्यांवर घातले. सायकल तीच होती, रेल्वेही तशीच होती. फरक संघटित दबावाचा होता. ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या संघटनेची सभासदसंख्या १८९८ पर्यंत एक लाखाच्या पुढे गेली होती. एवढी मते कोणता लोकप्रतिनिधी सहज दुर्लक्षील?

गार्डचा डबा :

तथापि, निकाल विरोधात जाऊनही इंग्लंडमध्ये सायकली रेल्वेने जातच राहिल्या, आणि त्याही मोठ्या संख्येने. भाडे भरावे, चिठ्ठी लावावी, सायकल गार्डच्या स्वाधीन करावी, अशी रीत पडली. याचे कारण कंपन्यांच्या औदार्यात शोधणे व्यर्थ आहे. ब्रेक लावण्यासाठी आणि टपाल, वर्तमानपत्रे, पार्सले, मासळीच्या पेट्या, शर्यतीच्या कबुतरांच्या करंड्या नेण्यासाठी गार्डच्या डब्याची रेल्वेलाच गरज होती. त्यात एखादी सायकल कलती करून ठेवण्यास वेगळा खर्च नव्हता. सायकलसाठी म्हणून तो डबा कोणी बांधला नव्हता; ती तेथे आश्रित होती.

या आश्रितपणाचा अर्थ पुढे स्पष्ट झाला. १९७७ मध्ये ब्रिटिश रेल्वेने सायकलचे भाडे माफ केले. जे १८९९ मध्ये न्यायालयात मिळाले नाही, ते एका प्रशासकीय निर्णयाने मिळाले. परंतु पार्सले आणि वर्तमानपत्रे रस्तामार्गाकडे वळत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ‘स्प्रिंटर’ जातीच्या छोट्या डिझेल गाड्या आल्या, त्यांना पूर्वीसारखा गार्डचा डबाच नव्हता. सायकलींची संख्या मोजकी ठरली, आरक्षण आले. भाडे माफ झाले आणि जागा गेली! हक्क काढून घेणारा कोणताही कायदा झाला नाही. गाडीच्या आराखड्यानेच ते काम केले.

युरोपीय संघाच्या २०२१ च्या रेल्वे प्रवासी हक्क विनियमाचे (क्र. २०२१/७८२) वेगळेपण येथे लक्षात येते. नव्या किंवा मोठी सुधारणा केलेल्या गाड्यांत किमान चार सायकलींची जागा असावी, ही त्यातील तरतूद ७ जून २०२५ पासून लागू झाली. चार हा आकडा मोठा नाही. पण सायकल सामान आहे की नाही, या शतकभराच्या काथ्याकुटात न शिरता हा कायदा थेट गाडीच्या बांधणीबद्दल बोलतो.

भारतीय संदर्भ :

भारतीय रेल्वेच्या नियमांत मात्र १८९९ चा तर्क आजही जिवंत आहे. द्वितीय श्रेणीच्या प्रवाशास ३५ किलो सामान विनामूल्य नेता येते. पण सायकल व स्कूटर यांना ही सवलत नाही. पस्तीस किलोची पेटी बाकाखाली ढकलता येते, तिच्या निम्म्या वजनाच्या सायकलीची मात्र नोंदणी करावी लागते. नोंदणी, वेष्टन, चिठ्ठी, पावती आणि मग ब्रेकव्हॅन. गाडी दोन मिनिटे थांबणाऱ्या स्थानकावर उतरायचे असेल, तर ब्रेकव्हॅन उघडून सायकल वेळेत उतरेल की नाही, ही धाकधूक वेगळीच. गार्डचे पदनाम जानेवारी २०२२ मध्ये ‘ट्रेन मॅनेजर’ झाले, तरी प्रवाशाची ही अडचण नावासरशी बदललेली नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांची पद्धत, लांब पल्ल्याची नसली, तरी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवसायाचा भार सायकल आणि लोकल या दोहोंवर आहे. पण त्यांनी सायकल गाडीत चढवण्याचा प्रयत्नच केला नाही. उपनगरात सायकलवरून गोळा केलेले डबे लाकडी पाटीत भरून लगेजच्या डब्यातून पुढे जातात. चर्चगेटला ते दुसऱ्या सायकलींवर किंवा हातगाड्यांवर चढतात, आणि पहिली सायकल परतीच्या फेरीपर्यंत उपनगरातल्या स्टेशनाबाहेर उभी असते.