अडखळणाऱ्यांची व्याकरणं : मोठेपणी परभाषा शिकलेल्या माणसांचा इतिहास

या व्याख्यानमालेत आपण भाषेच्या इतिहासाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघतो आहोत. आजची बाजू थोडी आडवळणाची आहे. मराठी किंवा कोकणी ज्यांच्या आईची भाषा नव्हती, अशा काही माणसांबद्दल आज मी बोलणार आहे. आणि शेवटी एका मराठी बाईंबद्दल, ज्यांचा प्रवास उलट दिशेने झाला. या सगळ्यांत समान धागा एकच : हे सगळे परकी भाषा मोठेपणी शिकले.

आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे. भाषा शिकायची ती लहानपणी; मडकं एकदा भाजून निघालं की त्याला आकार देता येत नाही. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. लहान मूल उच्चार जसाच्या तसा उचलतं, मोठ्या माणसाची जीभ आपल्या जुन्या वळणावर जाते. पण या तुलनेत एक गोष्ट निसटते. मूल भाषा शिकतं, पण आपण काय शिकतो आहोत हे त्याला कळत नसतं. मोठ्या माणसाला प्रत्येक पायरीवर ठेच लागते, आणि ठेच लागते म्हणून पायरी दिसते.

एक उदाहरण घेऊ. 'मी आंबा खाल्ला.' 'मी पोळी खाल्ली.' बोलणारा माणूस तोच, क्रियापद मात्र बदललं. का? कारण इथे क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. बरं, मग 'मी पाणी प्यायलो' असं आपण का म्हणतो? आणि 'मी मराठी शिकलो', 'शिकली' का नाही? आता या सभागृहातल्या किती जणांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारला असेल? विचारायची गरजच पडली नाही. पण तिशीतला एखादा जर्मन माणूस मराठी शिकायला लागला, की दुसऱ्या महिन्यात तो हेच विचारतो, आणि आपण म्हणतो, 'असंच असतं हो!' आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच आहे की, 'असंच असतं' या उत्तरावर ज्यांचं समाधान झालं नाही, अशा अडखळणाऱ्या माणसांनी आपल्या भाषांची बरीचशी मोजदाद करून ठेवली.

पहिला माणूस थॉमस स्टीफन्स. जन्म 1549, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला. धर्माने कॅथलिक, आणि इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक असणं धोक्याचं होतं. तो रोमला जाऊन जेझुइट झाला, 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून जहाजात बसला आणि 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरला. वय वर्षं तीस. भारतात येऊन कायमचा राहिलेला हा बहुधा पहिलाच इंग्रज. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे 1619 साली मृत्यू येईपर्यंत, तो इथेच होता, आणि त्यातली बरीचशी गोव्याच्या दक्षिण भागात, सासष्टीत.

त्याच्यापुढची अडचण काय होती ते बघा. त्याला पोर्तुगीज लागत होती, ती राज्यकर्त्यांची. लोकांची बोली कोकणी. आणि पुराण ऐकायचं, कीर्तन ऐकायचं, तर ते मराठीत. म्हणजे एक भाषा शिकून भागणार नव्हतं. कोणत्या प्रसंगी कोणती वापरायची, हेही शिकायचं होतं. जोडीला उच्चार. आपला त आणि ट, द आणि ड, ल आणि ळ. हे फरक रोमन लिपीत दाखवायला अक्षरं नाहीत. स्टीफन्सच्या परंपरेतल्या ग्रंथांत यावर सोपी युक्ती दिसते : जीभ मागे वळवून काढायचा आवाज असेल, तर तेच अक्षर दोनदा लिहायचं. लहानपणापासून 'बाळ' म्हणणाऱ्याला असली युक्ती सुचणार नाही, कारण त्याला ती लागतच नाही. ज्याचा ळ चुकला असेल आणि जो हसण्याचा विषय झाला असेल, त्यालाच ती सुचते. माझा एक तर्क सांगतो, तर्क म्हणूनच घ्या. इंग्रजीतला 'टी' आपल्या ट च्या जवळचा, पोर्तुगीजांचा आपल्या त च्या जवळचा. स्टीफन्सच्या कानाला दोन्ही सवयीचे होते. दुसरी परभाषा आधी आलेली असली की तिसरीला असा हात मिळतो.

गोव्यात आल्यावर चार वर्षांनी, 1583 साली, त्याने पॅरिसमधल्या आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात तो इथल्या भाषांबद्दल सांगतो : भाषा पुष्कळ आहेत, उच्चार कानाला वाईट लागत नाहीत, आणि त्यांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याबद्दलचं आपलं प्रसिद्ध विधान 1786 साली केलं. त्याच्या दोनशे वर्षं आधी सासष्टीतल्या एका पाद्र्याच्या हे ध्यानात आलं होतं. त्याने लॅटिन शाळेत घोकून शिकलेली होती. विभक्ती म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. मोठा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, तो मागच्या भाषांचं गाठोडं घेऊन येतो. त्या गाठोड्याचं ओझंही होतं आणि शिदोरीही होते.

पण एवढ्यावर थांबलो तर चित्र फार गोड होईल. ते 1583 साल आठवा. त्याच वर्षी जुलैमध्ये सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावी देवळं पाडल्याच्या रागातून गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं, आणि पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना मारून त्याचा सूड घेतला. भाषेचं कौतुक करणारा स्टीफन्स याच सत्तेच्या सावलीत काम करत होता. त्याची भाषा शिकण्याची गरज धर्मप्रसाराची होती, हे लपवायचं कारण नाही.

तरीही हेतू आणि फळ यांचं गणित नेहमी सरळ सुटत नाही. 1616 साली राशोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. स्टीफन्स तेव्हा 67 वर्षांचा होता, आणि या भूमीवर पाऊल ठेवून त्याला 37 वर्षं झाली होती. मोठेपणी भाषा शिकायला किती वेळ लागतो, असं कोणी विचारलं तर मी हा आकडा सांगतो. त्यात मराठीची स्तुती करणाऱ्या ज्या ओव्या आहेत, त्या तुमच्यापैकी अनेकांना शाळेपासून माहीत असतील. आईच्या मांडीवर मराठी ऐकलेल्याला आपल्या भाषेचा अभिमान असतोच. पण तिशीनंतर एकेक शब्द जमवलेल्या माणसाने केलेली ती स्तुती आहे, हे लक्षात ठेवून त्या पुन्हा वाचा.

त्याचं दुसरं काम म्हणजे कोकणीचं व्याकरण. पोर्तुगीज भाषेतलं हे पुस्तक इतरांनी भर घालून त्याच्या मृत्यूनंतर 1640 साली राशोलला छापलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. आणि पुढे काय झालं? 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. एका पिढीतल्या माणसांनी चाळीस चाळीस वर्षं खर्चून लोकांची भाषा शिकायची, आणि दुसऱ्या पिढीने लोकांनाच सांगायचं की तुम्ही आमची शिका, तीही तीन वर्षांत! शिकणं आणि शिकायला लावणं यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

आता पुढे जाऊ, इंग्रजी अमदानीत. विल्यम कॅरीने 1805 साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमध्ये, मराठीचं व्याकरण छापलं. चाळिशी ओलांडल्यावर, महाराष्ट्रात न राहता! ते कसं शक्य झालं? वैजनाथ पंडित नावाचा मराठी शिक्षक त्याच्याजवळ होता म्हणून. हे नाव मी मुद्दाम घेतो. मोठ्या विद्यार्थ्याच्या मागे एक शिक्षक असतो, ज्याला त्याच त्या प्रश्नांना रोज उत्तरं द्यावी लागतात आणि ज्याचं नाव मुखपृष्ठावर येत नाही.

मोल्सवर्थचंही तसंच. त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 साली. आजही शब्द अडला की जाणकार तोच उघडतात. कंपनी सरकारला कारभारासाठी कोश हवा होता, हा त्याचा उगम. पण कामाला हात लागले ते शास्त्रीमंडळींचे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मराठी-मराठी कोश 1829 साली आधी आला. मोल्सवर्थ या मंडळींत इतका मिसळला की लोक त्याला 'मोलेसरशास्त्री' म्हणू लागले. त्याचा सहकारी थॉमस कँडी. आपण आज मराठीत जी विरामचिन्हं वापरतो, ती रुळवण्याचं श्रेय या कँडीला देतात. सलग मजकुरात वाक्य कुठे संपलं हे ज्याला कळत नव्हतं, त्याला पूर्णविरामाची निकड जास्त.

इथे एक शंका येईल. आपल्या लोकांनी व्याकरणं लिहिली नाहीत का? लिहिली. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचं 'पंचवार्तिक' छापखान्याच्या कितीतरी आधीचं आहे. आणि 1836 साली दादोबा पांडुरंग यांचं मराठी व्याकरण आलं, ज्यावर पुढच्या पिढ्या शिकल्या. पण दादोबा स्वतः इंग्रजी शिकलेले होते, आणि परभाषेचं व्याकरण शिकताना त्यांना आपल्या भाषेची मांडणी करण्याची वाट दिसली. म्हणजे अडखळणं उलट बाजूनेही उपयोगी पडलं.

त्या उलट बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म 1858. संस्कृत त्यांना लहानपणीच आईकडून मुखोद्गत झालं होतं. इंग्रजीचं तसं नव्हतं. 1882 साली पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत, आणि तिचं भाषांतर करावं लागलं. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, वयाच्या पंचविशीत, पतीच्या निधनानंतर, लहान मुलीला घेऊन. आणि 1887 साली अमेरिकेत त्यांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं, हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीबद्दलचं. दुभाष्याची गरज लागल्यापासून पाच वर्षांत!

पण मला महत्त्वाचा वाटतो तो मधला काळ. इंग्लंडमध्ये ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, शिकवलं, धर्मदीक्षेची वाट दाखवली, त्यांच्याशीच रमाबाईंनी दोन वर्षांच्या आत पत्रांतून वाद घातला : ख्रिस्ती मी झाले, पण माझ्या सदसद्विवेकाची किल्ली तुमच्या हाती नाही. आणि हा वाद इंग्रजीत. परकी भाषा आली याची खरी परीक्षा मी ही मानतो. 'धन्यवाद' म्हणता येणं सोपं असतं. उपकारकर्त्यांना त्यांच्याच भाषेत 'मला हे पटत नाही' असं सांगता येणं अवघड.

आणि त्या तिथेही थांबल्या नाहीत. बायबलचं मराठी भाषांतर त्यांना साध्या बायकांना समजेल असं हवं होतं, तेही मुळावरून. म्हणून त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळून, वयाच्या चाळिशीनंतर. काम शेवटपर्यंत चाललं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि आश्रमातल्या स्त्रियांनी छापलेलं ते भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झालं. धर्माची बाजू ज्याची त्याने ठरवावी. पण दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबायचं नाही, मूळ काय म्हणतं ते स्वतः बघायचं, या हट्टासाठी एका बाईने साठीच्या उंबरठ्यापर्यंत आणि पुढेही हिब्रूची पानं उलटली.

तर मोठेपणी परभाषा शिकण्याने काय मिळतं? उच्चार बहुधा पुरता साधत नाही, आणि लागणारा वेळ दशकांत मोजावा लागतो. मिळतं ते हे : भाषेचे सांधे दिसू लागतात, त्यात आपल्या भाषेचेही आले, आणि दुभाष्यावाचून बोलता, वाचता आणि नाकारता येतं. तुमच्यापैकी कोणी निवृत्तीनंतर जपानी शिकत असेल, कोणी नातवंडांसाठी जर्मन, कोणी बदलीच्या गावी कन्नड. वर्गात तुमच्या शेजारचा विशीतला मुलगा भराभर बोलतो आणि तुम्ही वही काढून 'हे असं का?' असं लिहून ठेवता. ती वही जपून ठेवा. स्टीफन्स आणि कॅरी यांची पुस्तकं अशाच प्रश्नांतून उभी राहिली. आणि कोणी तुमच्याकडे मराठी शिकायला आलं, तर 'असंच असतं' म्हणून त्याला वाटेला लावू नका. वैजनाथ पंडितांसारखं त्याच्याजवळ थोडं बसा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.