शब्दवेध : बेंचमार्क

घरचा डेस्कटॉप किती वेगवान आहे हे तपासायला आपण ‘बेंचमार्क’ चालवतो. हा शब्द मूळचा भूमापकांचा. दगडी भिंतीत आडवी चीर कोरायची, तिच्यात लोखंडी कोन अडकवायचा आणि त्या ‘बेंच’वर, म्हणजे बैठकीवर, मोजपट्टी उभी करायची. पट्टी दरवेळी त्याच पातळीवर टेकली, की आसपासच्या उंच्या बिनचूक निघत. नागपूरच्या झीरो माइलला १९०७ सालचे असे प्रमाणचिन्ह आजही आहे.

संगणकाच्या जगात हा शब्द चपखल बसला. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘व्हेटस्टोन’ चाचणी आकडेमोडीचा वेग मोजायची. आजचे ‘सिनेबेंच’ प्रोसेसरला त्रिमितीय चित्र रंगवायला लावून गुण देते.

मात्र पातळी हलली की मोजमाप फसते. ठाणे-डोंबिवलीच्या दमट मे महिन्यात, बंद खोलीत प्रोसेसर फार तापला तर तो आपणहून वेग उतरवतो. मग सकाळचा आकडा दुपारी जुळत नाही. म्हणून बाकीचे प्रोग्रॅम बंद करा, पंख्यांवरची धूळ झाडा, चाचणी तीनदा घ्या आणि आकड्याशेजारी खोलीचे तापमान लिहून ठेवा. नवा सुटा भाग घेण्याआधी एवढे कराच. पैसे खरोखर कुठे घालायचे, ते त्यातूनच कळते.