हेडलेस लिनक्स सर्व्हर
मॉनिटर, कीबोर्ड व माउस न जोडता नेटवर्कवरून चालवला जाणारा लिनक्स संगणक. दूरच्या टर्मिनलवरून काम करण्याची ही रीत युनिक्समधून आली (पहा : युनिक्स). टेलनेट या जुन्या दूरप्रवेश पद्धतीत पासवर्ड कूटबद्ध न होता उघडा जाई. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यावर तातु युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही कूटबद्ध दूरप्रवेश पद्धत तयार केली; तिची मुक्त-स्रोत आवृत्ती ओपनएसएसएच १९९९ मध्ये आली (पहा : कूटलेखन).

एसएसएच सहसा पोर्ट २२ वर चालते. पासवर्डऐवजी किल्ल्यांच्या जोडीनेही प्रवेश करता येतो : खासगी किल्ली प्रशासकाकडेच राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील फाइलीत नोंदवतात. किल्लीने प्रवेश होतो याची खात्री करूनच पासवर्ड-प्रवेश बंद करतात, अन्यथा प्रशासकच बाहेर राहतो. यंत्र सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये ‘मल्टी-यूजर’ टार्गेट निवडल्यास यंत्र डेस्कटॉपविना सुरू होते, ‘ग्राफिकल’ निवडल्यास डेस्कटॉपसह. डेस्कटॉप दुरून पाहण्यासाठी व्हीएनसी वापरतात. ते एसएसएच बोगद्यातून नेणे सुरक्षित. एकाच प्रोग्रामची खिडकी हवी असल्यास एक्स-११ फॉरवर्डिंग पुरते. पूर्ण डेस्कटॉप लागत नाही. कॉकपिट या सर्व्हर-व्यवस्थापन साधनाचे ब्राउझर-पटल पोर्ट ९०९० वर उघडते. सर्व्हरचे नेटवर्कच तुटल्यास सीरियल कन्सोल किंवा आयपीएमआय ही हार्डवेअरमधील स्वतंत्र व्यवस्थापन-यंत्रणा उरते.

डेस्कटॉप मेमरी व्यापतो आणि अद्ययावत ठेवायची पॅकेजेस वाढवतो. उबुंटू सर्व्हरच्या मूळ स्थापनेत तो नसतो (पहा : मेघ संगणन).